छत्तीस मिनिटं

डाव्या हाताच्या अंगठ्याच्या नखावर एक आडवी खाच होती. नखाच्या मुळापासून तिचं अंतर आज साडेआठ मिलिमीटर भरलं. गेल्या बुधवारी ते पावणेआठच्या किंचित खाली होतं. सिव्हर्ट मोएननं पितळी पट्टी उचलली, खिडकीशी जाऊन उजेडात पुन्हा नखावर ठेवली आणि तोच आकडा पुन्हा वाचला. अशा खाचा दहाही नखांवर होत्या, अंगठ्यांवरच्या सर्वांत खोल. मेच्या मध्यापासून सलग एकोणीस दिवस पोटात जवळजवळ काही गेलं नव्हतं, तेव्हा शरीरानं नख बनवायचं काम बंद ठेवलं होतं, आणि अस्वल मिळाल्यावर ते पुन्हा सुरू केलं होतं. खाचेचा मुळाकडचा काठ म्हणजे अस्वलाचा दिवस, सहा जून. महिन्याला साडेतीन मिलिमीटर या वेगानं हिशेब बरोबर जुळत होता. उत्तरेच्या बर्फावरच्या त्या सगळ्या मोहिमेतली ही एकच नोंद अशी होती, की जी त्यानं स्वतः केलेली नव्हती. म्हणून तिच्यावर त्याचा विश्वास होता, आणि म्हणूनच रोज सकाळी तो पट्टी हातात घेई.

खालून मालकीणबाईंनी हाक मारली. नाश्त्याचं पान मांडलेलं होतं, पण त्या टेबलाशी नव्हत्या. भिंतीवरच्या घड्याळाखाली खुर्ची ओढून, हातात चावी घेऊन उभ्या होत्या. दर बुधवारी घड्याळाला चावी द्यायचं काम वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचं, आणि मास्तर सुट्टीला गावी गेले होते. “अहो मोएन, आज तुम्हीच चढा,” त्या म्हणाल्या. “पेपरात नाव आलेल्या माणसाचा हात आमच्या घड्याळाला कधी लागायचा? नाहीतरी घड्याळजीच तुम्ही.” तो हसला, खुर्चीवर चढला, काचेचं दार उघडून त्यानं चावी भोकात बसवली. घड्याळजी माणूस चावी देताना मनातल्या मनात मोजतोच, त्याला वेगळं ठरवावं लागत नाही. एक, दोन, तीन. स्प्रिंग हळूहळू घट्ट होत गेली. बारा. तेरा. चौदाव्या अर्ध्या फेऱ्याला ती शेवटाला येऊन भिडली, आणि त्याचा हात चावीवर तसाच राहिला. आठ दिवसांच्या घड्याळाला चौदा फेरे लागणं यात काहीच विशेष नव्हतं; ट्रॉम्सोतल्या निम्म्या घरांतल्या घड्याळांना तेवढेच लागत असतील. हे त्याला ठाऊक होतं. तरी बोटं सुटेनात. मानेवरून घामाचा एक थेंब कॉलरच्या आत उतरला, आणि खालून मालकीणबाई काहीतरी विचारत होत्या: बिघडलं का, फार दिलीत का. तो नाही म्हणाला, खाली उतरला, आणि समोरच्या लापशीत चमचा घालून तसाच बसून राहिला. मालकीणबाईंनी त्याच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या की तीनशे दहा किलोमीटर बर्फावरून एकट्यानं चालत आलेला माणूस, अंगात ताकद यायला वेळ लागणारच.

तीनशे दहा. हा आकडा आता गावात सगळ्यांच्या तोंडी होता. शेजारच्या पाववाल्यानं तो खडूनं आपल्या दाराच्या फळीवर लिहून ठेवला होता. सिव्हर्ट कोट चढवून बाहेर पडला. ऑगस्टमधलं ऊन, मासळीचा आणि डांबराचा वास, धक्क्याकडे उतारावरून जाणाऱ्या गाड्यांचा खडखडाट. मागे राहिलेल्या दोघांना शोधायला ‘फ्रेया’ बोट दुपारी चारला सुटणार होती. तिचं काळं धुराडं छपरांवरून दिसत होतं, आणि त्यातून अजून धूर निघत नव्हता. आठ तास होते. त्यानं सवयीनं शर्टाच्या आत हात घातला. गळ्यातल्या सीलच्या कातड्याच्या थैलीत घड्याळ होतं, अंगाइतकंच गरम. बर्फावर ते असंच छातीला लागून ठेवावं लागे, नाहीतर आतलं तेल गोठून घट्ट होई आणि घड्याळ मागे पडे. इथे ऑगस्टात त्याची काही गरज नव्हती. पण ते थैलीतून काढून टेबलावर ठेवलं की त्याला झोप येत नसे, कारण टेबलावरून ते ऐकू येत नसे.

त्याला मोहिमेवर घेतलं ते याच कामासाठी. मोहिमेचे प्रमुख लेफ्टनंट आस्टाद घड्याळाच्या दुकानात आले, मालकांशी बोलले आणि म्हणाले, मला पायांनी मजबूत आणि हातांनी हलका असा माणूस हवा. सूर्य किती वर आहे ते यंत्रानं मोजता येतं, त्यावरून आपण कुठल्या अक्षांशावर आहोत ते कळतं, त्याला घड्याळ लागत नाही. पण पूर्व-पश्चिम कुठे आहोत हे फक्त घड्याळ सांगतं. चार मिनिटांची चूक म्हणजे एक अंश. त्यांच्याजवळ दोन घड्याळं होती, त्यातलं लेफ्टनंटसाहेबांचं एप्रिलमध्ये एका फटीत, पाण्यात गेलं. उरलं ते सिव्हर्टच्या गळ्यात. त्याला चोवीस तासांनी अकरा अर्धे फेरे लागत, अगदी नेमाने अकरा, आणि न विसरता ते दिले जावेत म्हणून लेफ्टनंटसाहेबांनी एक शिरस्ता घालून दिला होता. उठल्यावर सिव्हर्टनं ‘चावी दिली’ असं मोठ्यानं म्हणायचं, साहेब वहीत बरोबरची खूण करणार, आणि मगच कॉफीला उकळी. तिसरा गडी ओलुफ नेसेट, कुत्र्यांच्या गाड्या हाकणारा. सिव्हर्ट जरा उशिरा उठला की तो झोपायच्या पिशवीतून ओरडे, “घड्याळबुवा, बोला की मंत्र, इथे जीव चाललाय कॉफीवाचून.” कॉफी संपली तरी मंत्र चालूच राहिला. मग बिस्किटं संपली. मग एकेक करून कुत्री. मेच्या अखेरीला ओलुफनं गाडीचा चामडी पट्टा उकळून त्याचं पाणी तिघांत वाटलं, आणि त्या दिवशीही सिव्हर्ट ‘चावी दिली’ म्हणाला आणि साहेबांनी खूण केली.

मुख्य रस्त्यावर एका औषधवाल्यानं हॅट उचलून त्याला नमस्कार केला. त्यानंही उचलली. तिकडे बर्फावर उन्हाळ्यात रात्र नसे, हे इथल्या कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. इथेही मे-जूनमध्ये सूर्य मावळत नाही. पण इथे चर्चची घंटा असते, दुकानं उघडतात, गाई दुधाला आणतात. तिथे सकाळ म्हणजे फक्त जाग येणं. वीस तास चालून चौदा तास झोपलं तरी त्याला सकाळच म्हणायचं. सहा जूनला ओलुफनं अस्वल मारलं. ते मांस त्यांनी निम्मं कच्चंच खाल्लं, चरबी बोटांनी चाटली, हनुवटीवरून ओघळलेलं रक्त पुसलंसुद्धा नाही. मग तिघं एकमेकांना लागून तंबूत पडले. ती झोप नव्हती, कोणीतरी डोकं पाण्याखाली दाबून धरल्यासारखं काहीतरी होतं. मध्येच केव्हातरी साहेबांचा आवाज आला, “सिव्हर्ट?” आणि सिव्हर्टच्या तोंडातून उत्तर गेलं, “चावी दिली.” डोळे बंद होते. हात पिशवीच्या आत होते, छातीवर घट्ट, घड्याळाच्या वरच. वहीवर पेन्सिल घासल्याचा आवाज त्यानं ऐकला, तो आवाज आजही त्याला आठवत होता, आणि लगेच पाणी पुन्हा डोक्यावर आलं.

जाग आली ती शांततेनं. बाहेर वारा नव्हता. त्यानं थैली कानाशी धरली. टिकटिक ऐकू येत होती, मग त्यानं श्वास रोखला आणि कळलं की ते रक्त होतं, त्याच्याच कानातलं. घड्याळ चार वाजून वीस मिनिटांवर उभं होतं. कुठले चार, सकाळचे की दुपारचे, आणि त्याला किती वेळ झाला, हे सांगणारं तंबूत काही नव्हतं. साहेबांची दाढी गोठून पांढरी झालेली, तोंड उघडं. त्यानं थैलीतून चावी काढली आणि हलक्या हातानं फिरवली. अकरा. बारा. तेरा. चौदा. म्हणजे साधारण तीस तास ते चाललं होतं, आणि मग थांबलं होतं, पुढच्या किती वेळासाठी ते कोणास ठाऊक. तंबूच्या दाराचं कापड जरासं बाजूला करून त्यानं धुक्याकडे पाहिलं. धुक्यात एका बाजूला उजेड जरासा जास्त होता. त्यावरून, आदल्या दिवशी बर्फाचा उंचवटा कुठल्या बाजूला होता त्याच्या आठवणीवरून, पोटातल्या भुकेच्या अंदाजावरून त्यानं काटे सव्वाअकरावर ठेवले. घड्याळ चालू लागलं. त्याला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. थैली आत सरकवताना त्यानं मान वळवली, तर ओलुफचा एक डोळा उघडा होता. तो त्याच्याकडे बघत होता की झोपेत नुसता उघडा राहिला होता, हे त्याला आजही माहीत नाही. तो डोळा काही क्षणांनी मिटला. नंतर ओलुफ उठला, मांसाचा तुकडा कापला आणि रोजच्यासारखाच म्हणाला, “काय घड्याळबुवा.” एवढंच म्हणाला. मंत्राचं काही बोलला नाही.

त्या वेळी बोलता आलं असतं. धुकं तीन आठवडे हटलं नाही, सूर्य दिसला नाही, त्यामुळे घड्याळाची गरजही पडली नाही, आणि प्रत्येक दिवशी न बोलणं हे आदल्या दिवसापेक्षा जरा जास्त सोपं आणि जरा जास्त भयंकर होत गेलं. जूनच्या अखेरीला त्यांना जमीन लागली, काळ्या दगडांचं एक बुटकं बेट. तिथे वॉलरस होते. चढणीवर साहेबांचा गुडघा दगडात मुरगळला, सुजून काळानिळा झाला. मग ऊन पडलं आणि त्यांनी तो पाय लांब करून बसल्या बसल्याच सूर्य मोजला, गणित केलं, आणि मोठ्यानं हसले. सत्तेचाळीस अंश पूर्व. त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी पुढे, फ्रान्झ जोसेफ या बेटसमूहाच्या जवळजवळ काठावर. ते म्हणाले की धुक्यात बर्फानंच आपल्याला पूर्वेला वाहून नेलं, फुकटचा प्रवास. ओलुफ म्हणाला, बर्फाला तरी आपली दया आली. आणि सिव्हर्टला तेव्हाच कळलं की बर्फ इतकं वाहत नाही. त्यानं तोंड उघडलं. साहेबांच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा रंग आला होता. सिव्हर्टनं तोंड मिटलं.

साहेबांना चालता येणार नव्हतं. शिकार ओलुफलाच येत होती, म्हणून तो त्यांच्याबरोबर राहिला. सिव्हर्टनं पश्चिमेला निघायचं, बर्फाच्या कडेपर्यंत, जिथे उन्हाळ्यात सील मारणारी जहाजं येतात. दगडांच्या भिंती आणि वॉलरसच्या कातड्याचं छप्पर, अशी खोपी त्यांनी उभी केली. आत जाताना रांगावं लागे. साहेबांनी जागेचे आकडे कागदावर लिहून दिले, घडी घातली आणि म्हणाले, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आम्ही तग धरू, पुढे समुद्र गोठला की प्राणी जातात, मग नाही. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, गाडीची वेळ सांगावी तसं. ओलुफ त्याला बर्फाच्या काठापर्यंत सोडायला आला. काही बोलेल म्हणून सिव्हर्ट थांबला होता, आणि बोलेल याची त्याला भीतीही होती. ओलुफनं त्याच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा ओढून घट्ट केला. “लवकर ये रे,” तो म्हणाला. “साहेब चांगले आहेत, पण गाणी फार वाईट म्हणतात.”

आणि मग तेवीस दिवस. त्यातलं थोडंच त्याला नीट आठवतं: गुडघाभर पाणी, एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उडी, रात्र नसलेला उजेड डोळ्यांत वाळूसारखा खुपत राहणं. आणि सतत मोजणं. अजून दोनशे साठ, अजून दोनशे चाळीस. बर्फाची कडा त्याच्या हिशेबापेक्षा खूप आधी आली. समोर मोकळं काळं पाणी होतं आणि त्यावर जहाजाची डोलकाठी, आणि त्याला आनंदाच्याही आधी भीती वाटली. कप्तान ब्रुवोल्डनी त्याला वर ओढून घेतलं, कोरडे कपडे दिले, मग नकाशावर पट्टी ठेवली आणि शीळ घातली. “तीनशे दहा किलोमीटर. तेवीस दिवसांत. बाबा, पायांनी आलास की पंखांनी?” खलाशी हसले. सिव्हर्टही हसला. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये कोणी नसताना त्यानं भिंतीतल्या पेटीतल्या जहाजाच्या घड्याळापुढे आपलं घड्याळ धरलं. छत्तीस मिनिटं मागे. त्यानं तीनदा पाहिलं. चार मिनिटांना एक अंश, छत्तीस मिनिटांना नऊ. घड्याळ मागे असलं की जागा आहे त्याहून पूर्वेला दिसते. त्या अक्षांशावर एक अंश म्हणजे सुमारे साडेसतरा किलोमीटर. म्हणजे खोपी सत्तेचाळीसवर नव्हती, अडतीसवर होती. एकशे सत्तावन्न किलोमीटर अलीकडे. म्हणजे तो तीनशे दहा चाललाच नव्हता. जेमतेम दीडशे चालला होता, दिवसाला सहा-साडेसहा, कोणीही धड माणूस चालेल तेवढंच. बाहेर पावलं वाजली. त्याच्या बोटांनी, त्याला न विचारता, काटे छत्तीस मिनिटं पुढे सरकवले. चौथ्या दिवशी कप्तानांनी सहज म्हणून दोन्ही घड्याळं ताडून पाहिली, फरक दोन सेकंदांचा निघाला, आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली.

त्यानंतरचे दिवस त्याला एका लांबलचक सबबीसारखे आठवतात. ताप होता म्हणून बोलता आलं नाही. गाव आलं, धक्क्यावर गर्दी होती, गर्दीत कसं बोलणार. मग शोधसमिती नेमली गेली, राजधानीतून तारा आल्या, ब्रुवोल्डांना ‘फ्रेया’ मिळाली. समितीतल्या गृहस्थांनी त्याला कितीतरी प्रश्न विचारले. प्रत्येकाचं त्यानं खरं उत्तर दिलं, कारण घड्याळाबद्दल कोणी विचारलंच नाही. त्याच्या जुन्या मालकांनी दुकानाच्या खिडकीत पाटी लावली, त्यावर त्याचं नाव. काही दुपारी तो स्वतःला समजावत असे की कोण जाणे, आपणच चुकलो असू, जहाजाचंच घड्याळ बिघडलेलं असेल, साहेबांचंच गणित चुकलं असेल आणि दोन चुकांनी एकमेकींना खोडून टाकलं असेल. तो घड्याळजी होता, या सगळ्याला काही अर्थ नाही हे त्याला कळत होतं. पण खरी भीती त्याही खाली होती. एकदा दाढी करताना, वस्तरा गळ्यावर असताना, अगदी शांत, गणितासारखा एक विचार त्याच्या डोक्यात आला होता: ते दोघं सापडले नाहीत, तर हे कोणालाच कधी कळणार नाही. तो उघडा डोळासुद्धा उरणार नाही. विचार आला आणि पुढे गेला, रस्त्यावरून एखादा ओळखीचा माणूस जावा तसा, आणि आरशातला चेहरा त्यानं जराही बदलला नाही. तेव्हापासून तो आरशात बघायचं टाळत होता. खोपीत असलेल्या माणसांपेक्षा आता त्याला त्या शांत विचाराची जास्त भीती वाटे. तो कोणाचा होता? तो पुन्हा आला तर या खेपेला थांबेल का?

बंदराच्या चढावर त्याला टोरा भेटली, ओलुफची बायको. ती आणि सिव्हर्ट एकाच बेटावर वाढलेली. लहानपणी त्यानं तिच्या वडलांच्या होडीतून चोरून मासे पकडले होते आणि तिनं ते घरी सांगितलं होतं. तिच्या काखेत जाड कागदाचं गाठोडं होतं, दोरीनं बांधलेलं. सहा जोड मोजे, सुकं मटण आणि तंबाखू. जहाजावर पोचवायला चालली होती. त्यानं गाठोडं घेतो म्हटलं, तिनं दिलं नाही. ती बोलत होती आणि तो नुसता तिच्या शेजारून चालत होता. ती सांगत होती की सासू रोज जेवताना ओलुफचं ताट मांडते, आणि आपल्याला ते बघवत नाही म्हणून आपण पाठ करून जेवतो. मग म्हणाली की माणूस सापडला की पहिल्यांदा त्याला तिथेच अंघोळ घालायला सांग कप्तानांना, चार महिने नुसत्या चरबीत राहिलेला, असा मी घरात घेणार नाही. हे म्हणून ती हसली, आणि हसता हसता मध्येच थांबून तिनं त्याच्याकडे पाहिलं. “सिव्हर्ट, खरं सांग. तुझ्या डोळ्यांनी तू ती जागा पाहिलीस. जहाज गेलं की ते दिसतील ना?”

त्यानं हो म्हटलं. हो म्हटल्यावर त्याला कळलं की आपण पहिल्यांदाच कोणालातरी सरळ खोटं सांगितलं आहे. इतके दिवस ते नुसतं न बोलणं होतं. शब्द तोंडातून किती सहज गेला होता, झोपेत गेल्यासारखा. धक्क्याच्या फळ्यांमधून खाली हिरवं पाणी दिसत होतं, त्यात कांद्याची सालं तरंगत होती. त्याला वाटलं की आपण आत्ता थांबलो तर खाली पडू, म्हणून तो थांबला नाही. ‘फ्रेया’च्या धुराड्यातून आता धूर निघू लागला होता.

कप्तान ब्रुवोल्ड नकाशाच्या खोलीत होते. टोरानं गाठोडं दिलं, त्यांनी ते कपाटात ठेवलं आणि तिला खुर्ची दिली, पण ती बसली नाही. टेबलावर मोठा नकाशा पसरला होता, बराचसा कोरा. कोऱ्या भागात, सत्तेचाळिसाव्या रेघेवर, शाईचं एक छोटं वर्तुळ होतं आणि त्यात फुली. टोरा वाकून पाहू लागली. तिनं विचारलं की डोलकाठीवरून किती लांबचं दिसतं. कप्तान म्हणाले की दिवस स्वच्छ असेल तर पंचवीस-तीस किलोमीटर, धुकं असेल तर स्वतःच्या नाकाचा शेंडा दिसला तरी पुष्कळ. त्या बाजूला वीस दिवस मिळतील. दहा सप्टेंबरला, सापडोत न सापडोत, वळावं लागेल, नाहीतर आम्हालाच शोधायला दुसरं जहाज लागेल. ते हे तिला टाळून बोलत नव्हते, तिच्याशीच बोलत होते, आणि तिनं मान हलवली. मग तिनं तर्जनी त्या फुलीवर ठेवली. टोकाखाली फुली झाकली गेली. “एवढ्यात असले म्हणजे झालं,” ती म्हणाली.

सिव्हर्ट तिच्या बोटाकडे बघत होता. मासे साफ करून करून त्या बोटावर बारीक पांढरे व्रण पडले होते. तिथून डावीकडे, अडतिसाव्या रेघेशी, कागदावर काहीही नव्हतं. त्या काहीच नसलेल्या जागेत कातड्याचं छप्पर होतं, त्यात भोक पाडून धूर बाहेर जात होता, आणि कोणीतरी रोज वर चढून क्षितिजाकडे बघत होतं. आज बघितलं असेल, उद्या बघेल, पंधरा सप्टेंबरपर्यंत बघेल, आणि नंतरही काही दिवस बघेल, कारण माणूस लगेच थांबत नाही. साहेब वहीत खुणा करत असतील. कधीतरी त्या दोघांत बोलणं निघेल, सिव्हर्ट पोचला नसेल, बिचारा. ओलुफ काय म्हणेल? तो डोळा उघडा होता की नव्हता?

कप्तानांनी त्याच्यापुढे हात केला. ते म्हणाले की जहाजावर दोन घड्याळं आहेत, पण आपल्याला तिसरं हवंय, तुझं. ज्या घड्याळानं जागा ठरवली तेच घड्याळ घेऊन शोधायला गेलं, म्हणजे त्याची जी काही खोड असेल ती दोन्हीकडे सारखीच येईल आणि आपण बरोबर त्याच जागी जाऊ. दर्यावर्दी माणसाची ही जुनी, शहाणी रीत होती. सिव्हर्टनं शर्टाच्या गुंड्या काढल्या, थैलीची दोरी डोक्यावरून काढली. छातीवर जिथे थैली होती तिथे गार वारा लागला. कप्तानांनी घड्याळ तळहातावर घेतलं, मोठ्या मायेनं, आणि टोराला दाखवलं. “हे बघ बाई, यानं तुझ्या नवऱ्याचा पत्ता सांगितला.” टोरानं हात पुढे केला, पण घड्याळाला लावला नाही, त्याच्या अगदी जवळ नेऊन तसाच धरला, शेकायला धरावा तसा.

सिव्हर्टच्या कानात पुन्हा ते रक्त वाजू लागलं. त्याला वाटलं, आता दाराकडे वळावं, बाहेर जावं, चार वाजतील आणि संपेल. तो शांत विचार तिथेच कुठेतरी उभा होता, घाई न करता, त्याची वाट बघत. दार तीन पावलांवर होतं. कप्तानांनी वही उघडून घड्याळाचा क्रमांक लिहायला घेतला, दौतीत टाक बुडवला, आणि सहज विचारावं तसं विचारलं, “काही खोड आहे का रे याची? पुढे पळतं, मागे पडतं? असेल ते सांगून ठेव.” टोराची नजर अजून घड्याळावर होती. सिव्हर्टला आपलाच आवाज ऐकू आला. तो बारीक होता, पण अडखळत नव्हता.

“कप्तान, तिथे जाऊ नका. बेट अडतीस अंशांवर आहे, सत्तेचाळीसवर नाही. साहेबांनी सूर्य बरोबर धरला होता. घड्याळ माझ्या हातून बंद पडलं आणि मी ते अंदाजानं लावलं. छत्तीस मिनिटं चुकलं. आणि हे मला आज कळलेलं नाही, तुमच्या जहाजावर, तुमच्याच केबिनमध्ये कळलं होतं.”